सव्वा वर्षाची खुर्ची

१० जानेवारी
आज तीन कार्यक्रम. सकाळी आश्रमशाळेचं संमेलन, दुपारी बचत गटाच्या दुकानाचं उद्घाटन, संध्याकाळी कबड्डीची बक्षिसं. मधे घरी येऊन एका ब्लाउजला हुक लावले, गिऱ्हाईक माझ्या शिलाईच्या दुकानात बसून होतं. तिला बोलले, नगराध्यक्षांनी हुक लावलेत, जपून घाल. ती हसली नाही. ब्लाउज दिवाळीपासून राहिला होता.

उद्घाटनाची कात्री पुन्हा बोथट. ताटात कुंकू, अक्षता, निरांजन, सगळं साग्रसंगीत आणि कात्री अशी की लोणी कापायची नाही. फोटोवाला ओरडतोय, मॅडम इकडे बघा. मी कात्री चालवते, फीत नुसती दुमडते. शेवटी गटाच्या बाईनं दुसरं टोक धरून ताणली तेव्हा तुटली. उद्यापासून दुकानातली माझी कात्री पर्समध्ये. अख्खं आयुष्य कापड कापलं आणि फितीपुढं...

शाली अजून तीन आल्या. आये बोलली, शाली एवढ्या आणि थंडी एकच. सासू माझी कमी बोलते पण बोलते तेव्हा असं.

१५ जानेवारी
नगरपंचायतीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू. नणंद मंगलाताई लवकर आली, वाण मांडायला मदत केली. जाताना बाजूला घेऊन बोलली, पोरीचं, दर्शनाचं, जमलं. मुलगा जव्हारचा, स्वतःचं गॅरेज आहे. लग्न वैशाखात.

"तोवर मी बसलेली असेन ना खुर्चीत? पत्रिकेत तसं छापायचं आहे."

"असशील की," बोलले. विचार सुद्धा करावा लागला नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तुमची भाची चालली. खूश झाले. लगेच हिशोब सुरू, मामाच्या मानाला काय काय लागेल.

रात्री आठवत बसले. आम्ही नणंद-भावजय एकाच पॅनेलमधून निवडून आलो, खुर्ची आदिवासी बाईसाठी राखीव निघाली, आणि आमच्या बाजूला त्या जागेला चालणाऱ्या आम्ही दोघीच. कोण आधी? पुढारी पण गप्प. आयेनंच चुलीपुढं बसून सांगितलं, सून आधी, लेक नंतर. लेकीला आधी दिलं तर लोक बोलतील आयेनं पक्ष घेतला. अडीच वर्षं निम्मी निम्मी. माझं पाडव्याला संपतं. तेव्हा मला वाटलं होतं, आधीच संपलेलं बरं. भाषण करायची भीती वाटायची.

२६ जानेवारी
झेंडा नीट उघडला. काशिनाथनं, म्हणजे आमच्या शिपायानं, पाकळ्या घालून घडी बांधली होती. कानाशी येऊन बोलला, "मॅडम, डावी दोरी. नुसती ओढायची, झटका नाय." ओढली. पाकळ्या मुख्याधिकारी साहेबांच्या चष्म्यावर. ते सलाम ठोकून उभे, पुसता पण येईना.

राष्ट्रगीत चालू असताना बाजारातली वर्दळ थांबली होती. भाजीवाल्या सुद्धा टोपलीशी उभ्या. वडापवाले जीपमधून उतरून उभे, त्यात हे पण. मला एकटक बघत होते. लग्नात सुद्धा असं बघितलं नव्हतं.

मंगलाताई पहिल्या रांगेत. नंतर विचारते, "डावी का उजवी गं? मला पण लागेल." दोघी खूप हसलो.

९ फेब्रुवारी
वरच्या पाड्यात म्हातारा गेला. काशिनाथनं सकाळीच सांगितलं, अध्यक्षानं जायचं असतं, नारळ आणि कापड घेऊन. आधीचे अध्यक्ष जायचे का विचारलं. बोलला, गावात गेले की जायचे. पाड्यात कधी जायचे, कधी माणूस पाठवायचे.

गेले. ह्यांची जीप ओढ्यापर्यंत, पुढं पायी. म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे वसईकडे कामाला, ते यायचे होते म्हणून प्रेत अंगणात ठेवलेलं. बायका भोवती बसलेल्या. मी काय बोलणार? बसले त्यांच्यात. सून कितीतरी वेळ माझ्या पदराची किनार बोटात धरून होती. दुपार टळली तेव्हा मुलगे आले, मग उचललं.

वाटलं होतं, रस्त्याचं, पाण्याचं काढतील. कुणी काही मागितलं नाही. निघताना एक म्हातारी एवढंच बोलली, "तू आलीस."

परत येताना हे विचारतात, आज एवढी गप्प का.

२१ फेब्रुवारी
नव्या घंटागाडीला हिरवा झेंडा दाखवला. मी झेंडा हलवला, गाडी चालूच होईना. ड्रायव्हरनं खाली उतरून बघितलं, परत चढला. मी झेंडा धरून तशीच. लोकांनी टाळ्या दोनदा वाजवल्या. चालू झाली तेव्हा मी झेंडा खाली ठेवला होता, मग पुन्हा उचलून हलवला, फोटोसाठी.

जव्हारहून भाऊ आले होते, आमच्या पॅनेलचे पुढारी. चहा पिताना बोलले, "सुनंदाताई, लोकांना तुम्ही आवडायला लागल्यात." मग बशीकडे बघत, "पाड्यातली मतं आपल्याकडं वळतायत. हे मधेच मोडायला नको."

मोडायला नको म्हणजे काय, ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मंगलाताई चार पावलांवर उभी होती.

१३ मार्च
होळी. बाहेर गेलेली माणसं परत आली, बाजार फुलून गेला. भिवंडी, वसई, नाशिक, कुठून कुठून. पोरींच्या अंगावर नवे कपडे. दुकानात गेल्या आठवड्यापासून रात्रंदिवस मशीन.

गावची होळी अध्यक्षानं पेटवायची. मी पलिता मंगलाताईच्या हातात पण दिला. दोघींनी मिळून लावली. आये लांबून बघत होती, तिला बरं वाटलं असणार.

घरी आल्यावर मोबाइलवर ग्रुपमध्ये फोटो. त्यात मी एकटी. ताईला कापून टाकलंय, कोपऱ्यात तिच्या हिरव्या बांगड्या आणि कोपर तेवढं राहिलंय. कुणी कापलं माहीत नाही. फोटो भाऊंच्या माणसानं टाकलाय. खाली सगळ्यांचे अंगठे. ताईचा पण अंगठा.

२२ मार्च
बोहाडा सुरू, मुखवटे चढवून देवांची सोंगं नाचवायची आमची जत्रा. पहिला नारळ गावच्या प्रमुखाचा. आधी पाटलाचा असायचा, मग सरपंचाचा, न.पं. झाल्यापासून अध्यक्षाचा. बाईचा हात लागायची ही पहिलीच वेळ, असं सगळे सांगतायत. नारळ एका फटक्यात फुटला. काशिनाथनं आधीच शेंडी काढून, दगड बघून ठेवला होता.

संबळ वाजला, पहिलं सोंग गणपतीचं निघालं. मुखवटा डोक्यावर चढला की आतला माणूस ओळखीचा राहत नाही. तो आमच्या शेजारचा, काल माझ्याकडं पँट अल्टर करायला टाकून गेलेला. मी हात जोडले.

२५ मार्च
काल भावोजींचं सोंग. भीमाच्या सोंगाचा मान मंगलाताईच्या सासरी पिढ्यान् पिढ्या. मुखवटा जड, दोन माणसांनी धरून चढवावा लागतो. ताई नवऱ्याच्या बाजूनं दिवा घेऊन चालत होती. मी सतरंजीवर, मानाच्या जागी. सोंग समोर आलं की मी नारळ द्यायचा. दिला. ताईच्या दिव्याला पण हात जोडले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पुढं गेली.

२७ मार्च
आज पहाटे जगदंबा निघाली. महिषासुराशी झुंज झाली, उजाडताना संपली. नंतर देवीची ओटी. इतकी वर्षं अध्यक्ष उभा राहायचा आणि त्याची बायको ओटी भरायची. यंदा दोन्ही मीच. खण माझ्या हातचा, मीच शिवलेला काठ. तांदूळ, नारळ, हळकुंड. देवीचा मुखवटा एवढा जवळ होता की रंगाचा वास येत होता, आणि आतल्या माणसाचा श्वास.

मागे अख्खं गाव. खालचा बाजार, वरचे पाडे, सगळे एकाच जागी. कुणी ढकलत नव्हतं.

घरी येऊन झोपले नाही. साडी बदलावीशी वाटेना. लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

२९ मार्च
भाऊंनी जव्हारला बोलावलं. हे घेऊन गेले, बाहेर जीपमध्येच बसले.

भाऊ सरळ बोलले. राजीनामा द्यायचा नाही. आपल्यातले दोन नगरसेवक पलीकडच्यांनी फोडायला घेतलेत. पलीकडं पण एक आदिवासी बाई आहे. तुम्ही खुर्ची सोडली की पुन्हा मतदान. त्यात मंगलाताई येईल याचा भरवसा नाही. "तुमची पण जाईल, तिची पण जाईल."

"पण शब्द दिलाय भाऊ."

"घरात दिलाय. गावाला दिलाय का?"

वाटेत ह्यांना सांगितलं. हे घाटभर नुसती गाडी चालवत राहिले. गावाजवळ आल्यावर बोलले, "उद्या पाडवा आहे."

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली. ताई आयेसाठी साखरेची गाठी घेऊन आली, नेहमीसारखी. चहा झाला. ती बसून राहिली. मी पण. मग मीच सुरुवात केली, भाऊंनी काय सांगितलं ते सगळं.

ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ बोलले का तू त्यांना बोलायला लावलंस?"

"ताई, आयेशपथ."

"आयेची शपथ आयेपुढं नको घेऊ."

आये चुलीशी होती. पाठमोरी.

"मी थांबायला तयार नाय असं नाय," ताई बोलली. "किती थांबायचं ते सांग. दोन महिने? पावसाळा? का पुढची निवडणूक?"

भाऊंनीच मला सांगितलं नाही, तर मी कुठून...

ती उठली. आयेच्या पाया पडली. ह्यांना बोलली, "रामा, येते." मला नाही.

९ एप्रिल
ताई न.पं.च्या बैठकीला येते, सही करते, जाते. माझ्याकडं बघून "अध्यक्ष महोदया" बोलते. साहेबांना वाटतं किती शिस्त.

घरात आये माझ्याशी बोलते, पण नावापुरतं. भाकरी झाली का. कोंबड्या कोंडल्या का. आज मी विचारलंच, आये, तुला काय वाटतं? बोलली, "मी सांगायचं ते तेव्हाच सांगितलं."

हे कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. पहाटे पहिली फेरी, रात्री शेवटची फेरी. आधी दुपारी जेवायला यायचे, आता डबा नेतात.

२३ एप्रिल
पत्रिका आली. न.पं.त. काशिनाथनं टपालाच्या गठ्ठ्यातून आणून टेबलावर ठेवली, बाकीच्या निमंत्रणांबरोबर. पाकिटावर टाइप केलेलं, प्रति, मा. नगराध्यक्षा. आत छापलंय, प्रमुख उपस्थिती, आणि पहिलं नाव माझं. भाऊंचं दुसरं. ताईच्या नावाखाली नगरसेविका.

मामा म्हणून ह्यांचं नाव आत वेगळं, घरच्यांच्या यादीत. त्यांच्या पुढं मामीचं नाव नाही. मामी वर आहे, उपस्थितीत.

घरी अक्षता घेऊन कुणी आलं का विचारलं. हे बोलले, काल भावोजी येऊन गेले, आयेला आणि मला अक्षता देऊन गेले. तू दौऱ्यावर होतीस.

मी दौऱ्यावर नव्हते. मागे विहिरीवर कपडे धूत होते.

१ मे
महाराष्ट्र दिन. झेंडा. डावी दोरी. सगळं नीट. ताई आली नाही. पहिल्या रांगेत तिची जागा रिकामी, कुणी बसलं पण नाही तिथं.

भाषणात कामगारांबद्दल बोलायचं होतं. समोर बसलेल्या निम्म्या बायांचे नवरे आता वीटभट्टीवर, पाऊस पडायला लागला की येतील. साहेबांनी लिहून दिलेलं वाचलं नाही. एवढंच बोलले, जे बाहेर आहेत ते सुखरूप परत येवोत. टाळ्या नाहीत. पण बाया जाताना हात लावून गेल्या.

हे सगळं मला आवडायला लागलंय, हाच घोळ आहे. भाऊ सांगतात म्हणून मी थांबलेय हे खरं. पण भाऊंनी सांगितलं नसतं तर मी त्या दिवशी...

५ मे
धीर करून ताईच्या घरी गेले. ताई शेतात, पेरणीआधी राब भाजायला. का मला येताना बघून तिकडं गेली, माहीत नाही. दर्शना एकटी होती, लग्नाच्या बांगड्यांची पेटी उघडून बसलेली. मला बघून पळत आली, गळ्यात पडली. लहानपणी हिचे सगळे फ्रॉक मीच शिवले.

"मामी, तू येशील ना?"

"येणार की. पत्रिका आलीय मला."

"तशी नाय गं. खुर्चीवर बसायला नको येऊ. माझ्या मागं दिवा कोण धरणार?"

आमच्यात नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं आणि मामीनं दिवा धरायचा. मी बोलले, आई काय बोलते? दर्शना बोलली, "आई बोलते धाकट्या काकूला धरू दे, मामीला वर बसावं लागेल."

मग रडायला लागली. मी ब्लाउजचं माप घेतलं तिचं. जुनं माप होतं माझ्याकडं, तरी घेतलं. दुसरं काही सुचेना.

१२ मे
हळद. ह्यांच्याबरोबर, आयेला घेऊन सकाळीच गेले. जीपमधून उतरले तर मांडवातल्या बाया ताईकडं बघायला लागल्या. ताई जात्याशी होती. वर न बघता बोलली, "अध्यक्षबाई आल्या. खुर्ची द्या त्यांना."

एका पोरीनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, वर टॉवेल पसरला. मी बघितलं खुर्चीकडं. मग जात्याशी जाऊन खाली बसले, ताईच्या समोर, आणि खुंटा धरला. जातं दोघींनी फिरवायचं असतं. ताईनं हात काढला नाही. पण ओढत पण नव्हती. थोडा वेळ मी एकटीच ओढत होते, खुंट्यावर तिच्या हाताचं वजन. मग केव्हातरी फिरायला लागलं.

बायांनी गाणं धरलं. आम्ही दोघी गायलो नाही. हळद दळून झाली तेव्हा ताई बोलली, "साडी खराब झाली तुझी." तीन महिन्यांत... नाही, पाडव्यापासून. पाडव्यापासून पहिल्यांदा "तू".

रिकामी खुर्ची दिवसभर मांडवात तशीच. शेवटी टॉवेलवर कोंबडी बसली.

१३ मे
लग्न लागलं. बसून लिहिते नीट, विसरायला नको.

मांडवाच्या एका टोकाला स्टेज, सोफे, माइक. भाऊ वेळेवर आले, बरोबर त्यांची माणसं. माइकवाला एकेकाचं नाव घेऊन वर बोलावत होता, सत्कार, शाल, नारळ. मी खाली, दर्शनाच्या मागं. मला तिथं जायला कुणी सांगितलं नाही, जाऊ नको असं पण नाही. धाकट्या काकूनं दिवा माझ्याकडं दिला आणि बाजूला झाली. ताईनं बघितलं.

हे भाचीच्या मागं, नवी टोपी घालून. मी त्यांच्या बाजूला. ताई माझ्या शेजारी.

माइकवाला बोलला, आपल्या गावच्या प्रथम नागरिक, मा. नगराध्यक्षांना विनंती, त्यांनी व्यासपीठावर स्थानापन्न व्हावं. मी हलले नाही. पुन्हा बोलला. लोक मागं वळून बघायला लागले. तिसऱ्यांदा नाव घेऊन बोलला. भाऊ स्टेजवरून हातानं खूण करत होते, या, या.

ताई हळूच बोलली, "जा. तुझं नाव घेतायत."

"घेऊ दे. माझ्या हातात दिवा आहे."

"मी धरते."

"तू आई आहेस. तुझं काम वेगळं."

समोर मोठा पंखा लावला होता पाहुण्यांसाठी. वारा सरळ दिव्यावर. ज्योत आडवी व्हायला लागली. ताईनं पदराचा आडोसा केला, दोन्ही हातांनी. मंगलाष्टकं संपेपर्यंत तशीच उभी. एकदा मुलीकडं बघायची, एकदा दिव्याकडं.

अक्षता पडल्या. मग ती रडली, मग मी, मग हे पण टोपी काढून.

भाऊ न जेवता गेले. जाताना ह्यांना बोलले, "बाईंना सांगा, लग्नात ठीक आहे."

१५ मे
दुपारी दुकानात ताई आली. गिऱ्हाईक नव्हतं. पाणी दिलं. बसली मशीनपुढच्या स्टुलावर.

"दर्शनाचा फोन आलेला. बरी आहे."

"बरं झालं."

मग बोलली, "मी त्या दोघांना जाऊन विचारलं." दोघांना म्हणजे फुटणार बोलतात त्या नगरसेवकांना. "एक बोलतो तुमच्याबरोबरच आहे ताई. दुसऱ्यानं घरात असून नाय म्हणून सांगितलं."

"म्हणजे भाऊ खोटं नव्हते बोलत."

"नाय. खोटं नव्हते." पाणी प्याली. "तू पण नव्हतीस. ते मला कळलं."

मशीनवर कुणाचातरी फॉल अर्धा राहिला होता. मी तो बघत बसले.

ताई बोलली, "तरी दे राजीनामा. मी उभी राहते. हरले तर मतांनी हरेन, सुनंदा. आता मी तुझ्या हातानं हरतेय. ते मला रोज सकाळी उठून गिळायला लागतं."

"आणि खुर्ची दोघींची गेली तर? पाड्यात कोण जाणार? पलीकडची ती बाई वरच्या पाड्याला नावानं सुद्धा..."

"मी जाणार. अध्यक्ष नसले तरी जाणार. तू पण जाशील. तुला कुणी अडवलंय?"

बाहेर एसटीचा भोंगा वाजत होता, बाजाराची माणसं पळत होती. मग मी बोलले ते आतापर्यंत ह्यांना पण बोलले नव्हते. "ताई, मला सोडवत नाय. भाऊ एका बाजूला ठेव. मलाच सोडवत नाय."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"बोहाड्याला बघितलं ना. ओटी भरताना." ग्लास खाली ठेवला. "छान दिसत होतीस."

उठली, चपला घातल्या. दारातून बोलली, ब्लाउज चांगला बसला दर्शनाला. गेली.

१६ मे
आयेला सांगितलं, ताई येऊन गेली. आये नागली पाखडत होती. सुपातून डोकं वर काढून बोलली, "तुम्ही दोघी माझ्याच. कोण बसतं त्यानं मला जेवण कमी-जास्त नाय होत." मग थोड्या वेळानं, "पण बोललेलं बोललेलं असतं." आणि पुन्हा सूप.

काशिनाथला विचारलं, राजीनामा कुठं द्यायचा असतो. तो घाबरला. बोलला, पालघरला, कलेक्टर साहेबांकडं, स्वतः जाऊन. मग बोलला, मॅडम, पंधरा ऑगस्टला दोरी नवीन घ्यायची आहे, तुमची मंजुरी लागेल. मी बघून घेऊ बोलले.

१८ मे
कागद लिहून झाला. दोन ओळींचाच. आधी काशिनाथला टाइप करायला देणार होते, नको वाटलं. हातानंच लिहिला.

भाऊंचे फोन. दोन घेतले नाहीत, तिसरा घेतला. आवाज शांत. "सुनंदाताई, मी तुम्हाला थांबवत नाही. पण जून जाऊ द्या. तोवर त्या दोघांना मी बांधतो. मग द्या, मग मंगलाताई नक्की." हे खरं पण असेल. पाडव्याला पण खरंच होतं. ठीक आहे भाऊ, बोलले. कशाला ठीक आहे ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जेवताना हे विचारतात, उद्या गाडी कुठं लावू? जव्हारच्या सवाऱ्या सकाळी उभ्या असतात, त्यांना आधी सांगायला लागेल. मी बोलले, सवाऱ्या नका घेऊ, पालघरला जायचं. ते घास हातात धरून थांबले. "नक्की?"

जायचं नक्की. आत जाऊन कागद कलेक्टर साहेबांच्या हातात देईन का, ते मला अजून...

"एकटीच येणार का?" हे विचारतात. आये पण ऐकत होती.

ताईला फोन लावलाय. हे लिहिते आहे तोवर रिंग जातेय.